मेपल बोन्सायचा पाया : नेबारी घडते कशी?

बोन्साय म्हटले की उथळ तबकातील एक इवलेसे झाड डोळ्यांसमोर येते. त्याची वळणदार फांदी, इटुकली पाने, शरद ऋतूत पेटल्यासारखा दिसणारा लाल-केशरी रंग, या गोष्टींवर सामान्य प्रेक्षकाची नजर खिळते. जपानमधील जाणकार मात्र झाडासमोर उभे राहिले की नजर प्रथम खाली नेतात. खोड मातीला भिडते तेथे मुळांचा पसारा कसा आहे, हे ते आधी पाहतात. फांद्या आणि पाने त्यानंतर. मातीच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या या मुळांच्या पसाऱ्याला जपानीत ‘नेबारी’ म्हणतात. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘बारी’ हे पसरणे, ताणणे या अर्थाच्या क्रियापदाचे रूप.

फांदी चुकली तर दोन-चार वर्षांत दुसरी वाढविता येते. नेबारी चुकली तर दहा-वीस वर्षांची मेहनत अडचणीत येते. त्यामुळे मेपल जातीच्या बोन्सायमध्ये या मुळांना असाधारण महत्त्व आहे.

जंगलातील वृक्षाची प्रतिकृती

मोठा, वयस्कर वृक्ष पाहिल्यास त्याचे खोड खांबासारखे सरळ जमिनीत घुसलेले नसते. जमिनीजवळ ते रुंदावत जाते आणि त्यातून जाड मुळे चहूबाजूंनी फाकलेली दिसतात. वाऱ्याचा जोर पेलण्यासाठी वृक्षाला हा आधार लागतो. वर्षानुवर्षे मुळे जाड होतात, वरची माती पावसाने वाहून जाते आणि मुळांचा वरचा भाग उघडा पडतो. उघडी मुळे ही म्हणूनच वयाची खूण ठरते. बोन्सायमध्ये हीच खूण हातभर उंचीच्या झाडावर उमटवायची असते. ती नसेल तर जुने झाडही जमिनीत खोचलेल्या काठीसारखे भासते. ती असेल तर तुलनेने तरुण झाडही पुरातन वाटते.

चांगल्या नेबारीचे निकष बऱ्याच अंशी ठरलेले आहेत. मुळे खोडाभोवती सर्व बाजूंना फाकलेली असावीत. ती साधारण एकाच पातळीतून निघावीत, एकमेकांना ओलांडू नयेत, खोडापासून दूर जाताना निमुळती होत जावीत आणि त्यांना फाटे फुटावेत. डाव्या-उजव्या बाजूची मुळे ठसठशीत असली तर झाड स्थिर दिसते. एखादे जाड मूळ थेट प्रेक्षकाच्या दिशेने आलेले असणे मात्र दोष मानला जातो. मुळांतून खोड वर उचलले जाते त्या भागाला ‘ताचिआगारी’ असे नाव आहे. नेबारी आणि ताचिआगारी यांचा विचार नेहमी एकत्रच केला जातो.

हिवाळ्यातील परीक्षा

पाइन किंवा ज्युनिपरसारख्या सदाहरित झाडांचे काही दोष हिरवाईत झाकले जातात. मेपल पानझडी असल्याने त्याला ही सवलत नाही. जपानमधील सर्वांत प्रतिष्ठेचे बोन्साय प्रदर्शन ‘कोकुफू-तेन’ १९३४ मध्ये टोकियोतील उएनो येथे सुरू झाले. ते हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारीच्या सुमारास भरते. त्या दिवसांत मेपलवर एकही पान नसते. निष्पर्ण झाडाचे सौंदर्य पाहण्याची जपानी परंपरा जुनी आहे. अशा वेळी काड्यांचे नाजूक जाळे, फिकट साल आणि मुळांचा पाया एवढेच समोर असते, आणि त्यांतील उणीव लपविण्यास जागा उरत नाही.

टोकियोच्या उत्तरेला सैतामा येथे ओमिया बोन्साय गाव आहे. १९२३ च्या महाभूकंपानंतर टोकियोतील बोन्साय व्यावसायिकांनी मोकळी जागा, स्वच्छ पाणी आणि चांगली हवा शोधत स्थलांतर केले आणि १९२५ मध्ये ही वसाहत उभी राहिली. येथे राहणाऱ्याकडे किमान दहा बोन्साय असावेत, बाग सर्वांना पाहण्यास खुली असावी, घर दुमजली नसावे आणि कुंपण झाडांचे असावे, असे नियम रहिवाशांनी सुरुवातीच्या काळात केले होते. आज तेथील बागांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. त्यांतील ‘फुयो-एन’ ही बाग पानझडी झाडांसाठी ओळखली जाते. २०१० मध्ये गावाजवळ बोन्साय कलेला वाहिलेले सार्वजनिक संग्रहालयही सुरू झाले.

दोन मेपल, दोन स्वभाव

बोन्सायसाठी प्रामुख्याने दोन मेपल वापरले जातात. पहिला जपानी मेपल, अर्थात एसर पाल्माटम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग याने १७८४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तळहाताच्या बोटांसारखी विभागलेली पाने ही त्याची ओळख. दुसरा त्रिशूळी पानांचा ट्रायडंट मेपल, म्हणजे एसर ब्युर्गेरिआनम. हा मूळचा चीनचा. जपानीत त्याला ‘तोकाएदे’, म्हणजे चिनी मेपल असेच म्हणतात.

मुळांच्या बाबतीत दोघांचे स्वभाव भिन्न आहेत. ट्रायडंट मेपलची मुळे झपाट्याने जाड होतात आणि शेजारची मुळे एकमेकांत मिसळून त्यांची एकसंध थाळी तयार होते. खडकावर मुळे पसरविण्याच्या शैलीसाठीही म्हणूनच हे झाड लोकप्रिय आहे. मात्र त्याची मुळे मांसल, पाणीदार असतात आणि कडाक्याच्या गारठ्यात ती गोठून कुजण्याचा धोका असतो. जपानी मेपलची मुळेही कालांतराने एकत्र येतात, पण त्याला अधिक वर्षे लागतात. त्याच्या जखमाही तुलनेने सावकाश भरतात. त्यामुळे ट्रायडंट मेपलला सोसवणारी छाटणी जपानी मेपलवर जशीच्या तशी करता येत नाही.

मूळ जाड का होते?

पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या रसवाहिन्यांतून खाली येते. मुळांनी शोषलेले पाणी त्याच्या आतील लाकडातून वर जाते. साल आणि लाकूड यांच्या मधला कँबियमचा पातळ थर दरवर्षी नवे लाकूड व नवी साल बनवितो आणि मूळ जाड होत जाते. जितकी वाहतूक जास्त, तितकी वाढ जास्त. एखादे मूळ इतरांपेक्षा थोडे पुढे गेले की ते अधिक पाणी पुरविते, त्याला अधिक अन्न मिळते आणि ते आणखी पुढे जाते. झाडाला मोकळे सोडल्यास दोन-तीन दांडगी मुळे सारा भार उचलतात आणि बाकीची काडीसारखी बारीक राहतात.

नेबारी घडविणे म्हणजे ही विषमता मोडून काढणे. जाड मुळे आखूड छाटली जातात, बारीक मुळे लांब ठेवली जातात आणि सरळ खाली जाणारी मुळे काढून टाकली जातात. आडवी मुळे एकटीच उरली की पाणी व अन्न यांची सगळी ये-जा त्यांच्यातून होऊ लागते आणि ती फुगतात.

वरचा पानोरा भरपूर असेल तरच मुळांना अन्न मिळते. म्हणून पाया घडत असताना फांद्यांची बारीक छाटणी केली जात नाही. एखादी फांदी केवळ खोड व मुळे जाड व्हावीत म्हणून काही वर्षे मोकळी वाढविली जाते आणि काम झाल्यावर कापली जाते.

सुरुवात रोपापासून

बियांपासून वाढविलेल्या मेपलला प्रथम सोटमूळ फुटते. हे सोटमूळ राहू दिले तर आडवी मुळे दुबळी राहतात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षीच रोप उपटून सोटमूळ कापतात आणि उरलेली मुळे चाकाच्या आऱ्यांसारखी फाकवून रोप पुन्हा लावतात. अनेक बागा रोपाखाली कौल किंवा सपाट फरशीचा तुकडा ठेवतात, त्यामुळे मुळांना खाली जाण्यास वाव राहत नाही आणि ती आडवी धावतात.

जमिनीत लावलेले झाड कुंडीतील झाडाच्या कितीतरी पट वेगाने वाढते. मात्र जमिनीतील झाडाकडे दुर्लक्ष केल्यास मुळे भरकटतात. म्हणून दर एक-दोन वर्षांनी झाड उकरून मुळांची छाटणी करावीच लागते.

दुसरी युक्ती भोकाच्या चकतीची. रोपाच्या देठापेक्षा किंचित मोठे भोक असलेल्या चकतीतून रोप ओवून ते लावतात. दोन-तीन हंगामांत खोड जाड होऊन भोकात घट्ट बसते, खाली जाणारे अन्न तेथे अडते आणि चकतीच्या वर, एकाच पातळीत, नवी मुळे फुटतात. खालची जुनी मुळे पुढे कापून टाकता येतात.

पुनर्रोपण : ठरावीक मुदतीची शस्त्रक्रिया

तरुण मेपलचे पुनर्रोपण साधारण दर दोन वर्षांनी केले जाते. टोकियोच्या परिसरात त्याची वेळ फेब्रुवारीअखेर ते मार्च, कळ्या फुगू लागतात पण पाने उघडलेली नसतात, ती असते. तेव्हा झाडात साठविलेले अन्न भरपूर असते आणि पानांतून पाणी उडत नसल्याने छाटलेल्या मुळांवर ताण येत नाही.

झाड कुंडीतून काढल्यावर बांबूची काडी किंवा आकडा घेऊन मुळे केसांसारखी विंचरली जातात, आतून बाहेर, खोडाकडून टोकाकडे. त्यानंतर बुंध्याच्या तळाशी असलेली, खाली जाणारी मुळे कापून तळ सपाट केला जातो. एकमेकांना ओलांडणाऱ्या मुळांतील एक निवडून दुसरे काढले जाते. खोडाला विळखा घालणारे मूळ तर कधीच ठेवले जात नाही, कारण जाड होताना ते खोडालाच आवळते. उरलेली मुळे पसरवून, प्रत्येकाखाली माती नीट भरून झाड लावले जाते आणि तारेने कुंडीला घट्ट बांधले जाते. झाड हलत राहिले तर नव्या मुळांची कोवळी टोके तुटतात.

माती म्हणून जपानमध्ये ‘अकादामा’ वापरतात. कांतो प्रदेशातील ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही दाणेदार चिकणमाती पाणी धरते आणि दाण्यांमधल्या फटींतून हवाही खेळू देते. पुनर्रोपणानंतर काही आठवडे खत दिले जात नाही आणि झाड वारा व दंव यांपासून आडोशाला ठेवले जाते.

नेबारी घडत असताना ती सतत उघडी ठेवणे योग्य नाही. मुळांवर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर माती किंवा शेवाळाचा थर ठेवल्यास ती ओलसर राहतात, त्यांना नवे फाटे फुटतात आणि ती लवकर जाड होतात. पुरेशी जाडी आल्यावरच थर हळूहळू कमी केला जातो. उघड्या मुळांची साल मग खोडासारखी होत जाते.

फळीची पद्धत

ट्रायडंट मेपलच्या थाळीसारख्या नेबारीसाठी एबिहारा या जपानी बोन्सायकाराच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत प्रसिद्ध आहे. झाडाची मुळे धुऊन तळ अगदी सपाट कापला जातो. त्यानंतर खालून स्क्रू मारून बुंधा लाकडी फळीवर पक्का बसविला जातो. प्रत्येक मूळ हव्या त्या दिशेला वळवून त्याच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकले जातात, जेणेकरून ते जागचे हलू नये. मग फळीसह झाड मातीच्या खोक्यात ठेवले जाते. पुढील पुनर्रोपणात वाढलेली मुळे पुन्हा छाटून, त्यांच्या फाट्यांना पुन्हा दिशा दिली जाते. एका मुळाचे दोन, दोनांचे चार असे करत पंखा तयार होतो. कालांतराने मुळे मिसळतात आणि खोडाभोवती वितळून पसरलेल्या मेणासारखा पाया दिसू लागतो.

जेथे मूळच नाही तेथे

बऱ्याचदा झाडाची एक बाजू चांगली असते आणि दुसरीकडे मुळेच नसतात. अशा ठिकाणी आंबा-चिकूच्या बागायतदारांना ठाऊक असलेली भेटकलमाची पद्धत कामी येते. त्याच जातीची पेन्सिलपेक्षा बारीक रोपे बुंध्याशी लावतात, बुंध्यावर खाच पाडतात, रोपाच्या खोडाची एका बाजूची साल तासतात आणि दोन्हींचे कँबियम जुळवून ते घट्ट बांधतात किंवा बारीक खिळ्याने पक्के करतात. वाढीच्या काळात दोन्ही एकजीव होतात. जोड पक्का झाल्याची खात्री पटली की रोपाचा वरचा भाग कापला जातो. खाली उरते ते झाडाचे नवे मूळ. ते इतर मुळांच्या जाडीला येण्यास पुढे काही वर्षे लागतात.

गुटी : नवा पाया

मुळे फारच वेडीवाकडी असतील तर जुना पाया सोडून वर नवा तयार केला जातो. डाळिंब व लिंबाच्या झाडांवर बांधतात ती गुटी येथे खोडाच्या बुंध्याशीच बांधली जाते. नव्या पायाची पातळी ठरवून तेथे धारदार सुरीने गोल काप घेतात. त्याच्या खाली, लहान झाडात साधारण खोडाच्या जाडीइतक्या अंतरावर, दुसरा काप घेऊन मधली साल पूर्ण काढतात. उघड्या पडलेल्या लाकडावरचा कँबियमचा ओला थरही खरवडून काढावा लागतो. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत.

आतील लाकूड शाबूत असल्याने पाणी वर जात राहते, पाने टवटवीत राहतात. खाली येणारी साखर आणि ऑक्सिन हे संजीवक मात्र वरच्या कापाशी अडतात आणि तेथूनच मुळे फुटतात. कापाच्या कडेला मुळे फुटविणारे संजीवक लावून भोवती ओले स्फॅग्नम मॉस किंवा दाणेदार माती भरली जाते. यासाठी वसंतातील पाने पक्व झाल्यानंतरचा, मे-जूनचा काळ उत्तम मानतात. मेपलला साधारण दोन महिन्यांत मुळे दिसू लागतात. ती अतिशय ठिसूळ असल्याने घाईने झाड वेगळे करण्यापेक्षा पुढील वसंतापर्यंत थांबणे अधिक सुरक्षित असते. सगळी मुळे एकाच कडेतून, चहूबाजूंनी निघत असल्याने या पद्धतीची नेबारी समतोल होते.

‘देशोजो’सारख्या नामांकित वाणांना तिचा विशेष उपयोग होतो. ही झाडे अनेकदा दुसऱ्या मेपलच्या खुंटावर कलम केलेली असतात आणि सांध्यावरची गाठ वयाबरोबर अधिकच डोळ्यांत भरते. सांध्याच्या वर गुटी बांधली की गाठही जाते आणि झाड स्वतःच्या मुळांवर उभे राहते. अर्थात, काही वाण स्वतःच्या मुळांवर तितके जोमदार वाढत नाहीत, हे लक्षात घ्यावे लागते.

निर्णय कठीण का?

सर्व पद्धती समजल्या तरी खरा पेच उरतोच. तीस वर्षांचे झाड, सुरेख खोड, भरलेल्या फांद्या, पण पाया एकांगी. अशा झाडाचे काय करावे? आहे तसे ठेवले तर दोष दरवर्षी अधिक ठळक होत जाईल, कारण जाड मूळ अधिकच जाड होते. भेटकलम केले तर समतोल येण्यास दशक लागू शकते. गुटी बांधली तर पाया निर्दोष होईल, पण खोडाचा तळाकडील, सर्वांत रुंद भाग गमवावा लागेल आणि झाड दुबळे असेल तर ते मरण्याचीही शक्यता आहे.

याचे सरसकट उत्तर नाही. मात्र क्रम ठरलेला आहे. प्रथम झाडाची तब्येत पाहायची. मागील हंगामात जोमदार वाढ झालेली नसेल तर कोणतीच मोठी शस्त्रक्रिया करायची नाही. त्यानंतर माती बाजूला सारून खाली काय आहे ते तपासायचे. अनेकदा चांगली मुळे दोन-तीन सेंटिमीटर खाली दडलेली असतात. वरची दोन वाईट मुळे काढली की मूळ पाया सापडतो आणि गुटीची गरजच उरत नाही. तिसरा विचार झाडाचा दर्शनी भाग बदलण्याचा. झाड थोडे फिरविल्याने किंवा कलते लावल्याने एकांगी मुळेही शोभून दिसू शकतात. हे सारे पर्याय संपल्यावरच सुरी हाती घ्यायची.

एकाच वसंतात मुळांची मोठी छाटणी आणि फांद्यांची कठोर छाटणी करणे, मुळे काम करताना वाळू देणे, झाड नीट न बांधणे आणि जाडी येण्यापूर्वीच मुळे उघडी पाडणे, यांमुळे बहुतेक झाडे बिघडतात.

महाराष्ट्रात काय?

मेपलला हिवाळ्यातील थंड विश्रांती लागते. मुंबईसारख्या दमट, उष्ण किनारपट्टीवर ती मिळत नाही. त्यामुळे तेथे आणलेली रोपे काही काळ तग धरली तरी क्षीण होत जातात. काश्मीरचा चिनार पानांच्या आकारामुळे मेपल समजला जातो. प्रत्यक्षात तो वेगळ्या कुळातील वृक्ष आहे.

परंतु नेबारीची तत्त्वे मेपलपुरती मर्यादित नाहीत. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही आपल्याकडील झाडे मुळे फोडण्यात मेपलपेक्षाही तत्पर आहेत. सोटमूळ लवकर कापणे, तळ सपाट ठेवणे, जाड मूळ आखूड आणि बारीक मूळ लांब ठेवणे, ओलांडणारी मुळे वेळीच काढणे, हे नियम त्यांनाही तसेच लागू पडतात. फरक वेळेचा. थंडीअखेरच्या सुप्तावस्थेऐवजी येथे ऊब आणि वाढीचा जोर असलेला काळ निवडावा लागतो, आणि गुटीसाठी पावसाळ्याची दमट हवा अनुकूल असते.

रोपवाटिकेत झाड निवडताना या माहितीचा पहिला उपयोग होतो. फांद्यांच्या आकारावर भाळून झाड घेण्याआधी बुंध्याजवळची माती बोटाने जरा बाजूला करून पाहावी. तीन-चार बाजूंना मुळे जाणवली तर ते झाड वरून साधे दिसत असले तरी घेण्याजोगे असते. एकाच बाजूला एक दांडगे मूळ लागले, तर पुढील किती वर्षे त्या दुरुस्तीत जातील याचा हिशेब तेथेच करून मग निर्णय घ्यावा.